तुमच्याकडचा वारा

सकाळी ओट्यावर यायचं, टोपी काढायची, टक्कल आभाळाकडे करून डोळे मिटायचे आणि स्वतःशीच विचारायचं, "हा वारा कुठला?" आमच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर हे रोज करत. मी त्याच शाळेत संस्कृत शिकवत असे आणि त्यांच्या समोरच राहत असे. त्यामुळे दात घासता घासता ते टक्कल मला रोज बघावं लागे.

आपण पाहुण्याला गाव विचारतो, तसं ते वाऱ्याला विचारत. त्यांचं म्हणणं, वारा ज्या मुलखात फार दिवस बसून राहतो, त्या मुलखाचाच होऊन जातो. वायव्येच्या तापल्या माळांवर बसला तर कोरडा होतो, पूर्वेच्या समुद्रावर बसला तर ओला. असे दोन परगावचे वारे समोरासमोर आले, तर सहजासहजी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांच्या शिवेवर रेटारेटी होते, ओला वारा वर ढकलला जातो, तिथं गारठतो आणि ढग होऊन कोसळतो.

"मग आज कोसळेल का?" असं विचारलं की मास्तर पडेल चेहऱ्यानं म्हणत, "शीव आपल्यावरून जाते की शेजारच्या होटगीवरून, ते कुणी सांगावं?" तुमचं शास्त्र पाऊस पडून गेल्यावर फार बिनचूक असतं, असं मी चिडवत असे. ते रागावत नसत. खरं आहे म्हणत. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, त्याला चिडवण्यात काही मजा नसते.

त्यांच्या शेजारी तेलुगू विणकराचं घर होतं. म्हातारी अम्मा, तिचा मुलगा राजय्या आणि जमिनीत खड्डा करून बसवलेला एक हातमाग. अम्माचा आजा तेलंगणातून चालत सोलापुरात आला होता. तिनं एकदा मास्तरांना विचारलं, "मग आमी कुटले वो?" मास्तरांनी बराच विचार केला. तुम्ही आता इथलेच, पण निघालात पूर्वेकडून, असं त्यांनी सांगितलं. ती फार खूश झाली. तेव्हापासून पूर्वेचा वारा सुटला की मास्तर तिला गमतीनं "तुमच्याकडचा वारा" म्हणत आणि ती पदर सारून तोंडावर वारा घेई.

विणण्याआधी सुताच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावून तो गल्लीभर ताणून वाळवावा लागतो. ही पांजणी. खळ सुकण्याआधी पाऊस आला तर ती वाहून जाते, धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळं सूत वाया जातं. हिवाळ्यात अवकाळी पावसानं त्यांचा एक ताणा असाच गेला होता. व्यापाऱ्यानं बजावलं होतं, आता पुन्हा बिघडलं तर सूत मिळणार नाही. सूत नाही म्हणजे माग मोडायचा आणि राजय्यानं गिरणीत जायचं. नवऱ्याच्या मागं अम्मानंच तो माग चालवला होता.

चैत्रातली सकाळ होती. पांजणी घालू का, असं विचारायला अम्मा ओट्याशी आली. मास्तरांनी डोळे उघडले आणि गंभीरपणे सांगितलं, "आज वारा तुमच्याकडचा आहे, अम्मा." तिनं हात जोडले आणि घरात गेली. शाळेच्या वाटेवर मास्तर मला म्हणाले, पूर्वेचा ओला वारा आहे, आज वेळेवर सावध केलं, नाहीतर बिचाऱ्यांचं सूत गेलं असतं. आपल्या विद्येचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणून ते अगदी हरखले होते.

शाळा सुटून दुपारी परतलो, तर गल्लीभर ताणा ताणलेला आणि आभाळ काळंभोर. आम्ही धावलो तोच सरी आल्या, मागोमाग गारा. ओला ताणा घाईनं गुंडाळता येत नाही. मास्तरांनी आपली छत्री उघडून ताण्यावर धरली. तिच्याखाली दोन हात सूत झाकलं जाई. ते ती इकडे धरत, मग तिकडे धरत. स्वतः नखशिखांत भिजले. शेवटी राजय्याच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मास्तर."

"मी सांगितलं होतं," मास्तर पुटपुटले.

"व्हय की," अम्मा म्हणाली. "आमच्याकडचा म्हनलात. म्हनून तर बाहेर काडला. आपला वारा आपलं सूत कशाला भिजवंल?"

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, आणि तेच मास्तरांना सोसलं नाही. मला त्यांची इतकी दया पूर्वी कधी आली नव्हती.

राजय्या गिरणीत लागला. "तितं छप्पर हाय, मास्तर. पाऊस लागत न्हाय," असं म्हणून तोच त्यांची समजूत काढी. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते खोली सोडून निघाले. निरोप घ्यायला मीही त्यांच्याबरोबर अम्माकडे गेलो. माग मोडून त्याचा खड्डा बुजवला होता आणि वर नुकतंच सारवलं होतं. मास्तर जमिनीवर बसले. आपण त्या सकाळी काय म्हणालो होतो आणि त्याचा अर्थ काय होता, हे त्यांनी तिला पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"पन वारा आमच्याकडचाच हुता न्हवं?" तिनं विचारलं.

"होता, अम्मा," मास्तर म्हणाले.