बाई, तुमी कोनाच्या?

चांद्याच्या दवाखान्यातून आमच्या ह्यांना घरी आणलं, तेव्हा बैलगाडीतून उतरून त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, "लय तरास झाला बाई तुमाले." कोणत्या बाईला म्हणतात म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे नुसता गोठा होता.

जंगलात सागाचे ओंडके गाडीवर चढवताना एक ओंडका घसरला आणि ह्यांच्या कानामागे लागला. कितीतरी दिवस बेशुद्ध होते. जाग आली तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं, आणि आमचं लग्न, संसार, मी, सगळंच पुसून गेलं होतं. लहानपण तेवढं जागच्या जागी होतं. सासू-सासरे वारले, हे सांगितलं की दर वेळी नव्यानं रडायचे. मग मी सांगणं सोडून दिलं. ते शेतावर गेलेत, असंच चालू दिलं.

शब्दही इकडचे तिकडे झाले होते. पाणी हवं असलं की 'बैल' म्हणायचे. मीही बैल म्हटलं की तांब्या पुढे करायला शिकले. गावातले लोक येऊन सांगायचे, "अरे, हे तुही बायको आहे." हे नीट ऐकून घ्यायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "असन." दुसऱ्या दिवशी पुन्हा बाई. एकदा मला विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या? घरी वाट पाहत असतीन ना." घरात आम्ही दोघंच. परक्या बाईला किती दिवस राबवायचं, याची त्यांना खरोखरची काळजी लागली होती.

पूर्वी हाच माणूस "अवो, कुठी मेली?" म्हणून अंगणातून ओरडायचा. संसारात कधी मिळाला नाही एवढा मान मला त्या दिवसांत मिळाला, आणि तो मला नको होता. वाटायचं, एकदा तरी खेकसा हो माझ्यावर.

ते दिवस आठवले की सगळं धुरातून पाहिल्यासारखं दिसतं. मोहाचा हंगाम सुरू झाला होता. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली, तिच्यावर पहाटे फुलं गळत राहायची. वारा नसायचा, पानही हलायचं नाही, तरी टप, टप. मी ह्यांना धरून झाडाखाली नेऊन बसवायची. हाताला काम द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे डाव्या हातानं भराभर वेचायला लागले की मी तो हात धरून ठेवायची. मग उजवा हात हळूहळू पुढे सरकायचा. सुरुवातीला फूल चिरडून जायचं, रस मनगटावर ओघळायचा. ते हसायचे, बोट चाटायचे. त्या वासात मला कधी डुलकी लागायची, आणि डोळे उघडले की क्षणभर वाटायचं, काही घडलेलंच नाही. तेवढ्यात ऐकू यायचं, "झोपा बाई, मी वेचतो."

त्याच सुमारास माझा भाऊ येऊन बोलून गेला होता. माणूस जिता आहे, पण तुला ओळखत नाही. पोरबाळ नाही, वय गेलं नाही. पंच बसवून काडीमोड करू आणि पाट लावून देऊ. आमच्यात बाईचं दुसरं लग्न पाटानं लागतं, त्यात कमीपणा नाही. गोंडपिपरीकडचा एक बिजवर त्यानं पाहूनही ठेवला होता. मी नाही म्हटलं नाही. फार थकले होते. "मोह संपू दे, मग ये," एवढंच म्हणाले.

मोह संपला. भाऊ गाडी घेऊन भर दुपारी आला. ह्यांनी त्याला उजव्या हातानं पाण्याचा तांब्या दिला. अर्धं पाणी ओसरीवर सांडलं, पण तांब्या सुटला नाही. मी आत लुगडी बांधत होते. कुडाच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"बाईले नेता का?" ह्यांनी विचारलं.

"हो भाऊ. तिचं पुढचं पाहा लागते ना. पाट लावून देतो."

अंगणात मोहफुलं वाळत पडली होती, त्यांचा वास घरभर भरून राहिला होता. मला वाटलं, त्यांना काही कळलं नसेल. मी उगाच तीच गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

"लोक म्हनतात, ह्या माही बायको आहेत," हे म्हणाले. एकेक शब्द शोधून, पण एकही चुकला नाही. "मले आठवत नाई. खोटं काऊन बोलू? पन पाटच लावाचा आहे, तर माह्यासंग लावा. हात आता चालून राह्यला." मग म्हणाले, "पयले बाईले इचारा. त्यायची मर्जी पायजे."

मी दाराशी आले. पहिलं लग्न ठरलं तेव्हा मी परसात शेण थापत होते, आणि मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता दोन पुरुष ओसरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. भाऊ गोंधळलेला, आणि हे लाजलेले. मला रडू येत होतं आणि हसूही. मी चांगला वेळ घेतला, आणि मग हो म्हटलं.