चिठ्ठीच्या खालच्या दोन ओळी

गेल्या महिन्यात सून फोन हातात घेऊन ओट्यापाशीच थांबली. "बाबा, सुनंदा टीचर गेल्या." मी म्हटलं, कुठं गेल्या? तिनं गॅस बंद केला, तेव्हा समजलो... पोटाचा आजार होता म्हणे. पन्नाशीसुद्धा नव्हती.

माझी नात दिव्या दुसरीपर्यंत मराठीत शिकली, तिसरीला खारघरच्या इंग्रजी शाळेत घातली. घरात इंग्रजी नसलेल्या पोरांना तिथल्या सुनंदा टीचर रोज एक तास वेगळं घेऊन बसायच्या. पण शाळेनं घरी फर्मान धाडलं, मुलीशी फक्त इंग्रजीच बोला. सून दोन-चार वाक्यं पाठ करून बोलायची. माझी शाळा चौथीत सुटली, पुढं सगळा जन्म मिठागरात. मला कुठलं इंग्रजी? मी पोरीशी बोलणंच टाकलं. चार महिने. पोर शाळेत मुकी, घरातही मुकी.

एक दिवस टीचर घरी आल्या. सून कामावर होती. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या भाषेत बोला तिच्याशी, भरपूर बोला. घरातलं बोलणं तुटलं तर ती इंग्रजी कशावर उभी करणार?"

"आधी सांगता तोंड बंद करा, आता सांगता उघडा. आमी काय रेडिओ हाव? लिवून द्या!"

हसल्या, आणि तिथंच बसून मराठीत चिठ्ठी लिहून खाली सही केली.

त्या दिवसापासून मी पोरीला मिठागरातलं, खाडीतलं सांगायला लागलो. पंधरा दिवसांत ती मला मध्येच अडवायला लागली, "आजोबा, तुमी खोटं सांगता!" पुढं शाळेतही तिचं तोंड उघडलं. तरी शाळेनं सुनेला बोलावून ऐकवलंच, घरी अजून मराठी चालतं, मुलगी मागं पडेल. माझं डोकं फिरलं. गेलो, आणि चिठ्ठी प्रिन्सिपलच्या टेबलावर आपटली. "तुमच्याच टीचरनी लिवलंय. वाचा!" त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचली, झेरॉक्स काढून घेतली आणि चिठ्ठी मला परत दिली. आठ दिवसांत टीचरांची नोकरी गेली.

मग सुनेनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. खाली दोन ओळी होत्या... हे फक्त तुमच्यासाठी आहे. शाळेत दाखवू नका, माझी नोकरी जाईल.

मी ती वाचलीच नव्हती. घाईत लिहिलेलं जोडून अक्षर मला लागत नाही. सही बघितली आणि खिशात घातली होती. सुनेला बजावलं, हे कुठं बोलायचं नाही.

नंतर टीचर पनवेलच्या बाजारात भेटल्या. "आजोबा, मी खाली लिहिलं होतं ना हो?" बाई, मला वाचता आलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "वाचलं व्हतं. खरं ते खरं, घाबरायचं कशाला?" त्यांनी मला दुष्ट समजावं, चाललं असतं. अडाणी समजायला नको होतं.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "दिव्या बोलते ना आता?"

"बोलते."

"मग झालं." पिशवी उचलली आणि गेल्या. पुन्हा भेट नाही.

परवा करंजाड्याला त्यांच्या घरी गेलो. नोकरी गेल्यावर पुढच्या खोलीत त्या पोरांना शिकवायच्या. भिंतभर कागद चिकटवलेले, एकेका पोराच्या घरातला शब्द आणि शेजारी त्याचं इंग्रजी. त्यांचे मिस्टर म्हणाले, "काढवत नाहीत अजून." अक्षर टीचरांचंच, पण पोरांसाठी काढलेलं, मोठं आणि सुटं सुटं. मिस्टर बसा म्हणत होते. मी भिंतीजवळ उभा राहून एकेक शब्द वाचत गेलो. मराठी बाजू सगळी वाचता आली मला.