घाट पोरीच्यानं होत नाही

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. सोळाव्या वर्षी सायकल घेऊन, राजूरचा घाट चढून, रोज बुलढाण्याला कॉलेजात जाणे मला शक्य होते की नव्हते? प्रश्न लहान आहे. पण त्याचे उत्तर ‘नव्हते’ असे गृहीत धरून मला घराबाहेर पाठवण्यात आले, आणि तेव्हापासून मी माझ्याच घरी दिवाळीपुरती आणि उन्हाळ्यापुरती जात आले आहे. जे गृहीत धरले होते ते कोणी तपासले नव्हते. मी गणित शिकवते. न तपासलेले गृहीत मला झोंबते.

आमचे गाव मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याकडचे. दहावीपर्यंतची शाळा गावात होती. सायन्स घ्यायचे तर बुलढाणा, म्हणजे घाटाच्या वर. सकाळची एस.टी. आमच्या फाट्यावर येईपर्यंत इतकी भरलेली असे की थांबतच नसे. माझा मोठा भाऊ संतोष आणि गावातली आणखी चार मुले सायकलने वर जात. मीही तशीच जाईन असे मी धरून चालले होते, कारण सायकल मला येत होती आणि मार्क मला संतोषदादापेक्षा जास्त होते. बाबांनी एका वाक्यात विषय संपवला. म्हणाले, “घाट पोरीच्यानं होत नाही.”

मग एका दुपारी त्यांनी माझी पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली, सायकल हाताने धरून माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आले आणि मला दुपारच्या रिकाम्या बसमध्ये बसवून दिले. बुलढाण्याला माझी आत्या राहत असे. तिच्याकडे राहायचे ठरले होते. खिडकीशी येऊन बाबा म्हणाले, “अभ्यास करजो. आत्याले कामाले हात लावजो. दिवाळीले येजो.” बस घाटात शिरली तेव्हा मी वळणे मोजायला सुरुवात केली, पण डोळे भरलेले असल्यामुळे आकडा चुकला.

आत्याकडे मी पाच वर्षे काढली. पुढे बी.एड.साठी पुण्याला आले आणि पुण्यातच राहिले: शाळा, लग्न, सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात एकदा ‘मले’ निसटले आणि मागच्या बाकांवर ते आठवडाभर फिरत होते. त्यानंतर मी दोन मराठी ठेवल्या, एक फळ्यासमोरची आणि एक फोनवरची. त्या एकमेकींना भेटू नयेत याची काळजी मी सवयीने घेते. गावी राहिलेल्यांना हे खोटेपणाचे वाटेल. बाहेर पडलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा सायकल घेतली. लोकांना मी गुडघ्यांचे कारण सांगितले. खरे कारण असे की आमच्या सोसायटीतल्या काही बायका रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या घाटात सायकली घेऊन जात आणि दहाच्या आत परत येऊन पार्किंगमध्ये हसत उभ्या असत. त्यांच्याकडे पाहताना बाबांचे वाक्य मला ऐकू येई. मी एकवीस गिअरची सायकल आणि हेल्मेट घेतले आणि घरी फोन करून सांगितले. बाबा काळजीने म्हणाले, “काऊन माय, जावईबापूची नोकरी गेली काय?”

सराव मी शाळेतल्यासारखाच सुरू केला. वहीत रकाने आखले: तारीख, निघण्याची वेळ, चढाच्या सुरुवातीपासून बोगद्यापर्यंत लागलेली मिनिटे, किती वेळा पाय टेकला. पहिल्या रविवारी चार वेळा टेकला. ते अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते पुढचे. दुसऱ्या महिन्यात चार वेळा, चौथ्या महिन्यात चार वेळा, सहाव्या महिन्यात एकदा तीन वेळा आणि पुढच्या रविवारी पुन्हा चार वेळा. मी रात्रीचा भात बंद केला. मधल्या दिवसांत शाळेपर्यंत सायकलने जाऊ लागले. जिना चढू-उतरू लागले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले एक निवृत्त गृहस्थ मला दर रविवारी त्याच वळणावर मागे टाकत आणि दर रविवारी “छान, छान, चालू द्या” म्हणत. त्यांच्या त्या प्रोत्साहनाचा मला जितका राग येई तितका कोणाच्या टोमण्याचाही आला नसता. फोनमधल्या अ‍ॅपवरचा माझा आलेख आठ महिने टेबलासारखा सपाट होता. एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर पुन्हा पुन्हा तेच चुकत असेल तर मी त्याला सांगते की आकडेमोड सोड, मांडणी पाहा. स्वतःला मात्र मी हे सांगितले नाही. बाबांचे म्हणणे बरोबर असावे, असे मी मनातल्या मनात लिहून टाकले होते.

मांडणी पाहिली ती मृणालने. ती तळमजल्यावर राहते, बँकेत आहे आणि आमच्या रविवारच्या गटाची म्होरकी आहे. एका सकाळी निघण्यापूर्वी मी मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर नख दाबून हवा सोडत होते. तिने पाहिले, वाकून टायर अंगठ्याने दाबला आणि विचारले, “ताई, हे तुम्ही दर रविवारी करता?”

“हो. नंतर ऊन चढतं ना.”

“अहो, तुम्ही उशीवर बसून घाट चढताय!”

हे इथे नीट समजावून सांगायला हवे, कारण ही चूक आमच्याच बाजूचे कोणी करू शकेल. आमच्याकडे सायकलची ट्यूब फेकत नसत. ठिगळावर ठिगळ लावून वर्षानुवर्षे चालवत. एप्रिल-मेच्या उन्हात अशी ट्यूब कडक भरलेली असली तर उभ्या सायकलीत फटाक्यासारखी फुटे. म्हणून बाबांचा नियम होता, ऊन चढायच्या आत हवा कमी करायची. दुसरा नियम सीटचा. रस्त्यात बकरी, म्हैस, काहीही आडवे येते, तेव्हा बसल्याजागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. म्हणून सीट शेवटपर्यंत खाली. हे दोन्ही नियम मी पुण्यात तंतोतंत पाळत होते. टायर नवे होते, ट्यूब नव्या होत्या, सकाळी सहाला कात्रजला गार वारा असतो आणि बकरी मी आठ महिन्यांत एकही पाहिली नव्हती. टायरच्या कडेवर किती हवा भरावी याचा आकडा ठसठशीत छापलेला असतो. तो मी वाचलाच नव्हता.

मृणालने हवा भरून दिली आणि सीट वर केली. योग्य उंचीची खूण सोपी आहे: सीटवर बसून पायडल सर्वांत खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी, पाय सरळ झाला पाहिजे. त्या दिवशी मी दोनदा पाय टेकला. तिसऱ्या रविवारी एकदाही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. त्या फोटोत माझा चेहरा भांडण करून आल्यासारखा आहे. आठ महिने मी ज्याला माझ्या पायांची मर्यादा समजत होते, ती बाबांची काळजी होती, आणि ती काळजी दुसऱ्या गावच्या उन्हासाठी होती.

त्या दिवाळीत मी सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून गावी नेली. दुसऱ्या दिवशी पहाटे राजूरच्या घाटाला लागले. पहिल्या प्रयत्नात कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरमागे अडकून एकदा उतरावे लागले, म्हणून तो धरला नाही. तिसऱ्या दिवशी पायथ्यापासून माथ्यापर्यंत न टेकता चढले. एकोणचाळीस मिनिटे. घाट उतरून घरी आले तेव्हा बाबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. संतोषदादा शेजारी चहा घेत होता. मी हेल्मेटही न काढता सांगितले, बाबा, घाट झाला, एकदाही पाय न टेकता.

संतोषदादाने कप खाली ठेवला. “पाय न टेकता? आमच्यातला एक तरी चढला होता काय तसा?”

मग तुम्ही रोज वर जात कसे होतात, असे मी विचारले. तो बाबांकडे पाहू लागला. बाबा म्हणाले, सांग आता, त्यात काय होते. तेव्हा मला कळले ते असे. ही पाचही मुले पायथ्याशी थांबत. भरलेला ट्रक चढाला लागून मंद झाला की डाव्या हाताने त्याच्या मागची साखळी धरत, उजव्या हाताने हँडल सांभाळत आणि माथ्यापर्यंत ओढली जात. हे गावात सगळ्या पुरुषांना ठाऊक होते. बाबांनी दादाला यासाठी एकदा मारलेही होते. मला कोणीही सांगितले नव्हते. मी तीस वर्षे या पाच जणांना पायडल मारत घाट चढताना मनात पाहत आले होते आणि दर वेळी त्यांच्या मागे पडत होते.

फळ्यासमोरची मराठी त्या क्षणी कामाला आली नाही. मी म्हणाले, “मंग मले काऊन नाही सांगतलं?”

“तुले सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी तू साखळी धरली असती,” बाबा म्हणाले. “संतोष भेते. भेव वाटलं की सोडून देते. तू सोडली नसती. म्हनून म्हटलं, होत नाही. इषय संपला.”

दादाने मान हलवली. त्यालाही ते पटलेले दिसले.

मला हे ऐकून भरून यायला हवे होते. मला राग आला. माझ्या हट्टाची त्यांना भीती होती, तर तसे म्हणायला हवे होते. मी त्यावर वाद घातला असता, कदाचित हरले असते आणि निदान खऱ्या कारणाने घर सोडले असते. शिवाय मूळ प्रश्न सुटलेला नव्हताच. एकवीस गिअरवर पंचेचाळिशीतली बाई चढली, याने सोळा वर्षांच्या मुलीबद्दल काय सिद्ध होते? काहीच नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरातली जुनी काळी सायकल काढली. फाट्यावरच्या दुकानात हवा भरून घेतली, सीट वर करून घेतली. शेजारच्या सरूकाकूने रस्त्यात अडवून विचारले, “बाई, कालची भारीतली इकली काय?” घाटात दुसऱ्या वळणापर्यंत मी पायडल मारले. पुढे सायकल हलेना. मग मी एक गोष्ट केली, जी तेव्हा कोणालाही सुचली नव्हती, मलाही नाही. उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. आमच्याकडे सायकल ढकलत जाणारा माणूस म्हणजे पंक्चर झालेला माणूस. एरवी कोणी तसे जात नाही. घाटाला एक तास सहा मिनिटे लागली. माथ्यावर पुन्हा बसले. घरापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत एकूण एक तास एकोणपन्नास मिनिटे. पहिला तास आठला असे. म्हणजे पावणेसहाला निघाले असते तर पोचून वर सव्वीस मिनिटे उरली असती, आणि परतीचा सगळा उतार होता.

उत्तर असे आहे: शक्य होते. मी ते बाबांना वहीसह दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले, बेरीज तपासली. मग म्हणाले, “अन् पावसाळ्यात? घाटात धुकं रायते.”

मी म्हणाले, ऑगस्टमध्ये येऊन तेही मोजते.

“मोज ना. सेहेचाळीसच्या बाईले घाटात कोन इचारते? सोळा वर्साची पोरगी अंधारात एकटी सायकल ढकलत जाईन, अन् मी इथं च्या पेत बसू?”

यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. मी म्हणाले, तुम्ही फाट्यापर्यंत आला असता. ते म्हणाले, रोज? मी म्हणाले, हो, रोज. तेव्हापासून दर रविवारी फोनवर हा वाद पुढे चालू आहे. ते एक नवी अट घालतात, मी ती लिहून घेते. पुण्यात माझे उत्तर बरोबर आले की सगळे बरोबर म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. माझे उत्तर बरोबर आले तरी मान्य न करणारी आणि त्यासाठी रविवारची वाट पाहणारी जागा आता एकच आहे. घर या शब्दाने मला सध्या एवढेच म्हणायचे असते. त्याने माझी पाच अधिक पंचवीस वर्षे परत येत नाहीत, हेही मी जाणते.

शेवटी एक विनंती. माझे आकडे निर्दोष नाहीत. माझे वय आड येते, आणि आठ महिन्यांचा सरावही. घाटाखालच्या गावांतली अकरावीतली एखादी मुलगी हे वाचत असेल, तर तिने साधी सायकल घ्यावी, कोणाला तरी सोबत घ्यावे, ट्रकपासून दूर राहावे आणि जमेल तिथे बसून, न जमेल तिथे ढकलत घरापासून कॉलेजपर्यंत किती वेळ लागतो हे स्वतः मोजून पाहावे.