शेवटचा नंबर

दादा गेल्याची तार अमरावतीला आली तेव्हा मी ज्वारी निवडत होते. ह्यांनी ती वाचून दाखवली. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता वत्सलेला कोण सांगणार...

माझा भाऊ मुंबईला एका संस्थेत कॉम्प्युटरवर होता. मी चौथी शिकलेली, पण तो समजावून सांगायचा. यंत्रातले बाकीचे सगळे प्रोग्राम ज्या मुळातल्या प्रोग्रामच्या भरवशावर चालतात, त्यातला फाइल वाचायचा भाग त्यानं लिहिला होता. यंत्र फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचायचं. शेवटचा तुकडा काठोकाठ भरलेला असला, की शेवटची नोंद न वाचताच ‘संपलं’ म्हणायचं. मॅट्रिकचा निकालही त्याच यंत्रावर निघायचा; त्यात अशा तऱ्हेनं तेल्हाऱ्याच्या वत्सलेचा नंबर गळाला. पेपरात नंबर नाही म्हणजे नापास. दादानं चूक हुडकली, एक ओळ बदलली, दुरुस्त निकालही लागला... पण तोवर वत्सलेचं लग्न उरकलं होतं.

माफी मागायला तो तेल्हाऱ्याला गेला. बाईमाणूस सोबत असावं म्हणून मला नेलं. वत्सलेची आई उसळलीच. “तुमच्या मशीनले वाचता येत नाही, त काहून ठेवली?”

“त्या मशीनला वाचायला मीच शिकवलं होतं, मावशी,” दादा म्हणाला.

तिचा आवाज उतरला. “पोरगी पास झाली, हे हेडमास्तर सांगून गेले. तिले नका सांगू, भाऊ. पातूरले नांदून राहिली चांगली. कळलं त मन लागन का तिचं?”

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी ‘नको’ म्हणून मान हलवली. आम्ही परतलो.

पुढे दर दिवाळीला अकोल्याला माहेरच्या घरी भेटलो, की तो विचारायचा, “पातूरला जाऊन येऊ का गं?” आणि मी म्हणायची, “राहू दे रे. कशाला तिच्या संसारात...”

तेराव्यानंतर मी एकटीच पातूरला गेले. यंत्राची चूक, तेल्हाऱ्याची भेट, सारं सांगितलं.

“ठावं हाय मले,” वत्सला म्हणाली. “सासऱ्याले पेपर मीच वाचून दाखवत व्हती. दुरुस्तीत माहा नंबर दिसला. वाटलं, आता कोणी यीन, इथं सांगन का पोरीले पुढं शिकवा. लय दिवस वाट पाह्यली.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी तेल्हाऱ्यापर्यंत आले, मायले विचारलं. मले काहून नाही विचारलं?”

दादाला अडवणारी मीच, एवढंसुद्धा मला तिच्यासमोर म्हणता आलं नाही.