मागच्या एक्सलचा तडा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण आजही आठवते ती आटपाडीच्या रस्त्यावर उलटलेली सरकारी जीप. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा फौजदार होतो आणि अंगात रग होती.

जीप चारही चाकांनी ओढणारी. कोरड्या, सपाट रस्त्यावर भरदिवसा पलटी झाली आणि आत बसलेल्या कारकुनाचा पाय गुडघ्यापासून गेला. ड्रायव्हर कुंडलचा, पलटणीतून निवृत्त होऊन आलेला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितलं, "सायेब, गडी टाकून हुता." झालं! माझ्या लेखी तपास तिथेच संपला. डॉक्टरी तपासणी वेळेत झाली नव्हती, याकडे मी काणाडोळा केला.

चौकशीत ड्रायव्हरचं एकच पालुपद. "आवं सायेब, थेंब घेतला न्हाई. आठ दिस मागनं कटकट येत हुती. हापिसात सांगितलं, कुणी ऐकलं न्हाई. त्या दिवशी मागचं चाकच निघून पुढं पळालं."

जीप उलटताना चाक निखळलं असणार, असं मी धरून चाललो. खटला उभा राहिला असता तर नोकरी जाऊन वर तुरुंग, हे त्याला कळत होतं.

मोटार निरीक्षकांनी ब्रेक ठीक असल्याचा दाखला दिला होता. तरी कागद पक्का व्हावा म्हणून मी कराडहून एक वयस्कर मिस्त्री बोलावले. जीपच्या कामात आसपासच्या दोन जिल्ह्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी ड्रायव्हरला समोर बसवलं.

"कटकट सरळ जाताना का वळणावर?"

"वळणावर लय."

"आन् पुढच्या चाकांचा गिअर टाकल्यावर?"

"कमी व्हायची."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "पुढच्या चाकांनी भार घेतला की मागचं गप बसतंय. दुखणं मागच्या एक्सलात हाय, सायेब. आठ दिस एवढं ध्यानात ठेवणारा गडी गाडीकडं दुर्लक्ष करंल व्हय?"

मग त्यांनी तुटका एक्सल काढून माझ्या हातात दिला. तुटलेलं तोंड निम्मं काळं, निम्मं चकचकीत. काळा भाग म्हणजे जुना तडा, चकचकीत भाग त्या दिवशी तुटलेला. एक्सल आधी तुटला, जीप नंतर उलटली. पंचांसमक्ष मी "शाबास!" म्हणून गेलो.

पण मिस्त्री थांबले नाहीत. कोणी सांगितलं नसताना त्यांनी दुसऱ्या बाजूचा एक्सलही बाहेर ओढला. रॉकेलने पुसला, कोरडा केला, वर खडू फासला आणि लाकडी हातोडीने हलके ठोके दिले. भेगेत मुरलेलं रॉकेल पांढऱ्या खडूतून काळी रेघ होऊन वर आलं. तिथेही तडा! मग त्यांनी एक्सलचं टोक पुसून पाहिलं आणि हातोडी खाली ठेवली.

"ही तीन टिंबं माझ्या हातची. बसवलेल्या मालावर मी ठोकतो. मिलिटरीच्या भंगारातले हे दोन्ही एक्सल मीच घातल्यात. बसवताना खडू लावून बघायचं राहिलं. हापिसाची घाई हुती, पर चूक माझी. लिवा, सायेब."

मी त्यांना बाजूला घेतलं. "मिस्त्री, तडा जुना होता एवढ्यावर ड्रायव्हर सुटतो. हे सांगायची गरज नाही."

"आन् त्या कारकुनानं इचारलं, माझा पाय कुणामुळं गेला, तर?"

काय माणूस होता! मी जबाब लिहिला आणि त्यांनी वाचून सही केली. ड्रायव्हर कामावर परत गेला. मिस्त्रींना कोर्टाने कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा दिली. कोर्टातल्या बाकावर दिवसभर त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? तोच ड्रायव्हर.

धातूचा तडा कसा ओळखावा हे त्या मिस्त्रींनी मला शिकवलं, आणि स्वतःची चूक कशी सांगावी तेही. पण ते शिकायला मला फार वर्षं लागली. चौकशीच्या वेळी मी त्या ड्रायव्हरच्या कानाखाली दोन वाजवल्या होत्या. ते स्टेशन डायरीत नाही, केस डायरीत नाही, कुठेच नाही. त्याची माफीही मी मागितली नाही. आज लिहितो आहे.