मोडलेलं नाक घेऊन यवतमाळला

पुसदहून निघालेली एसटी फुलसावंगीच्या रस्त्याला लागली आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. बोंडं फुटून शेतं पांढरी झाली होती; मागे सागाचे डोंगर. मराठी भाषकांचं नवं राज्य होऊन दीडेक वर्ष झालं होतं. नाशकात वाढलेल्या मला हा मुलूख आता आपल्याच राज्यात आहे, एवढंच ठाऊक होतं. माझी कॉलेजातली मैत्रीण मालती फुलसावंगीच्या शाळेत शिकवायची, मी नाशकातल्या. तिला बाळ झालं होतं, ते पाहायला मी दिवाळीच्या सुट्टीत आले होते.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी मालतीकडे दूध घालणारे हरचंदभाऊ मला त्यांचा तांडा (बंजाऱ्यांची वस्ती) दाखवायला घेऊन गेले. साठीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. हे आता ज्वारी-कापूस करत. त्यांच्या पत्नीनं, गोमीबाईंनी, मला गरम भाकर आणि लाल ठेचा वाढला. इतका तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसरी भाकर मागून घेतली.

निघताना दारातल्या बैलापुढे मी कडब्याचं पान धरलं. “बाई, समोरून नका जाऊ जी,” हरचंदभाऊ म्हणाले, तोवर बैलाच्या कानाशी माशी बसली आणि त्यानं मान झटकली. त्याचं कपाळ माझ्या नाकावर आदळलं. दुखलं नंतर, आधी डोक्याच्या आत वाळकी काडी मोडावी तसा आवाज ऐकू आला. पातळाचा पदर रक्तानं भिजला.

गावातल्या डॉक्टरांनी कापूस लावून रक्त थांबवलं आणि माझ्या हातात आरसा दिला. नाक डावीकडे कललं होतं. “हाड सरकलंय,” ते म्हणाले. “आठवड्याभरात बसवून घ्या. नंतर ते असंच जुळेल, मग पुन्हा मोडावं लागेल. यवतमाळला जा.”

पुन्हा मोडावं लागेल! ते शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. मी सत्तावीस वर्षांची, लग्नाची. आईनं पुढच्याच महिन्यात एक स्थळ बोलावलं होतं. मालतीचं बाळ वीस दिवसांचं, तिचे यजमान कामानिमित्त वणीला गेलेले. माझ्याबरोबर जाणार कोण? हरचंदभाऊ ओसरीच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, “मी येतो संगं. बैल माहा हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महागावला जाऊन आम्ही यवतमाळची गाडी धरली. डोळ्यांखाली जांभळं झालं होतं, चेहरा सुजून ओळखू येईना. गाडीतल्या बाया माझ्याकडे बघायच्या आणि मग हरचंदभाऊंकडे. शेवटी एकीनं विचारलंच, “काहून (का) वं बाई, कोणं मारलं?” मी “बैलानं” म्हटलं. तिनं मान हलवली, पण तिला पटल्यासारखं दिसलं नाही. हरचंदभाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले.

आर्णीला गाडी थांबली. चहा नुसता गरम पाण्यासारखा लागला. नाक बंद, जिभेला चव नाही. खिडकीशी आलेल्या विक्रेतीच्या टोपलीतलं सीताफळ मी नाकाजवळ धरून पाहिलं, काहीच नाही. वास कायमचा गेला तर? तोंडानं श्वास घेऊन घसा कोरडा पडला होता. “दुखून राह्यलं का?” हरचंदभाऊंनी विचारलं. मी नाही म्हटलं. मला भीती वाटत होती, हे सांगण्याइतकी ओळख नव्हती.

यवतमाळात उतरून आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर वयस्क, हात मऊ. त्यांनी नाकात उजेड पाडून पाहिलं. “आत पडद्याशी रक्त साकळलंय. ते काढलं नाही तर नाक मधोमध खचेल. आजच करू.” औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या त्यांनी दोन्ही नाकपुड्यांत सारल्या आणि बधिर होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. शेजारच्या ताटलीत एक चपटी पोलादी सळई होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी तिच्याचकडे बघत होते.

तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. “तांड्याचा ना तू? खरं सांग, बाईले काहून मारलं?”

“म्या नाही मारलं जी. बैलानं मान झटकली.”

“बैल! चौकीवर चल, मग सांग बैलाची गोष्ट.”

कंपाउंडरनं शिपायाला बोलावलं होतं. मी टेबलावरून उतरले आणि तशीच बाहेर गेले. शिपायानं हरचंदभाऊंचं मनगट धरलं होतं. ते सोडवून घेत नव्हते. जमिनीकडे पाहत ताठ उभे होते.

“बला बैलाडं बारलं,” मी म्हणाले. कोंदलेल्या नाकातून तेवढंच निघालं.

“कोणं? यानं?”

मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच. माझ्याच तोंडून या माणसाचं वाटोळं होईल की काय! शेवटी कंपाउंडरच्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: मला बैलाची धडक लागली. हे मला उपचारासाठी घेऊन आले आहेत. यांना सोडल्याशिवाय मी आत जाणार नाही. खाली सही केली, ‘शिक्षिका’ असंही लिहिलं.

शिपायानं कागद दोनदा वाचला आणि हात सोडला. डॉक्टर दारात आले होते. “त्यांना आत बसू द्या,” ते म्हणाले.

सळई आत गेली तेव्हा दुखलं नाही, पण डोकं कुणी उचलतंय असं वाटलं. मग ‘कट्’ असा आवाज झाला. मी ओरडले. भिंतीजवळच्या स्टुलावरून हरचंदभाऊ म्हणाले, “झालं, याडी (आई), झालं.”

तीन दिवस आम्ही तिथंच राहिलो, मी खाटेवर, ते व्हरांड्यात. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नाकातली पट्टी ओढायला सुरुवात केली, ती संपेचना. संपली तेव्हा गार हवा सरळ कपाळापर्यंत गेली आणि वास आला, फिनाइलचा. मी रडायला लागले. डॉक्टरांनी आरसा दिला. नाक सरळ होतं, सुजलेलं पण सरळ.

परतताना गोमीबाईंचा निरोप घ्यायला मी तांड्यावर गेले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, नीट पाहिलं आणि मग एकदम बोलू लागल्या.

“सारा तांडा म्हणे, नको जाऊ. रगतानं भरलेली बाई संगं पाह्यली का पोलीस पहिलं तुले धरतीन. हा रातभर बसून राह्यला. मंग सकाळी उठला, पागोटं बांधलं अन् गेला.”

हरचंदभाऊ गोठ्यात होते, त्यांना हे ऐकू गेलं नाही.

नाशकाला येऊन आता सहा महिने झाले. नाक सुखरूप आहे. जवळून कुणी हात हलवला की अजून दचकते, एवढंच. पण महागाव ते यवतमाळ आम्ही एका बाकावर बसून गेलो. मला वाटत होतं, त्या गाडीत घाबरलेली मी एकटीच आहे.