पारावरचं पर्जन्यमापक

आमच्या गावात मानाची वस्तू पारावर ठेवायची पद्धत. सिल्लोडहून पर्जन्यमापक आलं तेव्हा ते उघड्या रानात, कुत्र्या-शेरडांच्या पायाशी ठेवायला कुणाचं मन धजलं नाही. निंबाच्या पारावर त्याची स्थापना झाली, नारळ फुटला, हळदकुंकू लागलं. मोजायचं काम ह्यांच्याकडे आलं, कारण गावात मॅट्रिकपर्यंत शिकलेले माझे यजमानच. मी मिरवत आळीभर गूळ वाटला. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

सकाळी माणसं पाराभोवती जमायची. हे काचेच्या नळीत पाणी ओतून, डोळा बारीक करून आकडा सांगायचे. कालवणात मीठ नाही हे ज्यांना कळत नाही ते आभाळाचा हिशेब देतात, म्हणून मी चेष्टा करायचे. जुने शेतकरी आकडा ऐकायचे आणि तरी रानात जाऊन माती मुठीत दाबून बघायचे. ओल लागली की पेरणी. ह्यांच्या शब्दावर विसंबून बसला तो एकच, आमच्या शेजारचा मेंढपाळ. त्यानं त्याच साली मेंढ्या विकून जमिनीचा तुकडा घेतला होता. मातीची ओल त्याला ओळखता येत नव्हती, म्हणून रोज विचारायचा, “दादा, पेरू का?”

“नाय. थांब अजून.”

त्या साली पाऊस हलका, पण रोज येत होता. अंगणात उघड्यावर ठेवलेल्या माझ्या घंगाळात सकाळी बोटाचं टोक बुडेल इतकं पाणी असायचं आणि पारावरच्या यंत्रात जेमतेम ओलावा. एकदा सर आली तशी मी मुद्दाम निंबाखाली जाऊन उभी राहिले. बाहेर अंगण भिजत होतं, माझा पदर कोरडा. वर मात्र पान न् पान ओलं झालेलं. सर थांबली, वारा सुटला आणि बघता बघता पानं वाळली. ते पाणी खाली आलंच नाही, आल्या वाटेनं वर निघून गेलं. मोठा पाऊस असता तर झाडाचं पोट भरून उरलेलं जमिनीला मिळालं असतं. हलक्या सरीत उरतं काय? आणि पुढची सर येईपर्यंत झाड पुन्हा रिकामं.

घरी येऊन मी म्हणाले, “अवं, झाडाखाली पाऊस मोजताय तुमी. शेजाऱ्याला सांगा, पेर म्हणावं.”

हे ताटावरून उठले. “घंगाळ म्हंजी काय यंत्र हाय का? गावानं बसवलंय तिथं. आता हलवलं तर लोक हसतील मला.”

त्यांना पटलं होतं. नजर चुकवली त्यावरून कळलं. मी भांडी आपटली आणि तेवढ्यावर थांबले.

पुढं एकदाचा दणदणीत पाऊस झाला, ह्यांनी होकार दिला आणि शेजाऱ्यानं बाजरी पेरली. त्यानंतर लांबलचक उघाड पडली. बाकीच्यांच्या पिकांनी तोवर मूळ धरलं होतं. त्याची कोवळी रोपं जागीच करपली.

काही दिवसांनी पर्जन्यमापक आमच्या खळ्यात, मोकळ्या आभाळाखाली दिसलं. पारावर मेंढरं धक्के देतात म्हणून हलवलं, असं ह्यांनी गावाला सांगितलं. मेंढरांवर ढकललं! ऐकून मला घरातच तोंड लपवावंसं वाटलं.

दिवाळीच्या आधी शेजाऱ्यानं तुकडा सोडला. दुसऱ्याच्या मेंढ्या वळायला तो अजिंठ्याच्या डोंगराकडे निघाला. नवराबायको निरोप घ्यायला आमच्या ओसरीवर आली.

“दादा, तुमी बरोबर सांगत व्हता,” तो म्हणाला. “मलाच शेती कळत नाय.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता बोलतील, आता तरी बोलतील, असं वाटत होतं.

“नशीब आसतं एकेकाचं,” हे म्हणाले.

“व्हय,” तो म्हणाला.

त्याची बायको माझ्याकडे वळली. “लई केलंत आमच्यासाठी, वहिनी,” म्हणत ती माझ्या पायांशी वाकली. पाय मागं घ्यायला हवे होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी ऱ्हा.”